एस्टीमला चार थ्रॉटल बसवताना: आधी ईसीयू की आधी मॅनिफोल्ड?

गॅरेजवासी

ट्रॅक डेच्या धाग्यावर विषय भरकटत चालला म्हणून हा वेगळा काढतोय. गाडी मारुती एस्टीम, २००४ ची. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर ८५ बीएचपी. रस्त्यावर ती आता फिरत नाही, ट्रेलरवर चढून जाते आणि ट्रेलरवरच परत येते. मागचं सीट, एसी, गालिचे कधीच निघालेत. टर्बो लावायचा नाही हे ठरलंय. 'त्यापेक्षा टर्बो लाव' असं लिहायला आलेल्यांनी चहा घेऊन जावं. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल, ज्याला सगळे आयटीबी म्हणतात, ते करायचंय.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: नेहमीच्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, एकच. त्याच्यामागे प्लेनम नावाचा पोकळ डबा आणि त्यातून चार नळ्या चार सिलिंडरकडे. चाळीतल्या सामायिक नळासारखा कारभार, एकाने जोरात ओढलं की दुसऱ्याची धार बारीक. शिवाय पाय दाबला की आधी तो डबा भरायचा, मग सिलिंडरला मिळायचं. आयटीबीत डबाच नाही. सिलिंडर हेडपासून वीतभर अंतरावर प्रत्येक नळीत वेगळी बटरफ्लाय (थ्रॉटलची फिरती चकती), तिच्यापुढे उघडा ट्रम्पेट (कर्ण्यासारखं तोंड), संपलं.

हे काही गॅरेजवाल्यांचं खूळ नाही. टोयोटाने १९९१ साली कोरोला लेव्हिनमध्ये २० व्हॉल्व्हचं ४ए-जीई इंजिन दिलं, 'सिल्व्हरटॉप' म्हणतात ते. १५८७ सीसीतून १६० पीएस, तेही ७४०० आरपीएमला, चार थ्रॉटलसकट. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ च्या सहा सिलिंडरना सहा आणि ई६० एम५ च्या दहांना दहा दिले. निसानच्या आरबी२६ इंजिनाला तर दोन टर्बो असूनही सहा थ्रॉटल होते.

आता मुद्दा. थ्रॉटल बॉडी ही या कामातली सगळ्यात सोपी वस्तू आहे. मला ट्रॅकवरच्या एका जीएसएक्स-आर ६०० बाइकवरून उतरवलेला सेट मिळाला. नवं विलायती किट कस्टम ड्युटी धरून मागवलं असतं तर अख्ख्या एस्टीमच्या आजच्या किमतीच्या वर गेलं असतं. सेट हातात आला की माणसाला वाटतं निम्मं काम झालं. प्रत्यक्षात झालेलं असतं ते टेबलावर ठेवून फोटो काढण्याइतकंच. खरं काम तीन ठिकाणी आहे: मॅनिफोल्ड (हेडला जोडणाऱ्या त्या चार नळ्या), ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि व्हॅक्यूम (इंजिनच्या ओढीने नळ्यांत तयार होणारा कमी दाब).

त्यातही क्रम महत्त्वाचा. मी आधी ईसीयू बदलला, तोही जुन्या मॅनिफोल्डवर, जुन्या एकाच थ्रॉटलवर. क्रँकच्या पुलीवर, क्रँक किती फिरला ते सांगणारं ३६-१ ट्रिगर व्हील, मेगास्क्वर्ट हा ईसीयू, एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर. गाडी तशी व्यवस्थित चालते, गार असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. आता थ्रॉटल बसवल्यावर काही बिनसलं तर ते थ्रॉटलमुळे किंवा मॅनिफोल्डमुळे बिनसलंय एवढं तरी नक्की असेल. ट्रिगर, वायरिंग, इंजेक्टर, हवेची गळती, सगळं एकदम नवं केलं तर दोष शोधणार कुठे? नुसत्या चकचकीत ट्रम्पेटसकट वर्षानुवर्षं स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्या बघा, बहुतेकांची गोष्ट हीच आहे.

मॅनिफोल्ड अजून व्हायचाय. नळीची लांबी, गोल थ्रॉटलवरून ओव्हल पोर्टवर कसं यायचं, आणि ब्रेकच्या बूस्टरला (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम कुठून द्यायचा, यावर जाणकारांनी लिहावं.

बघ्या

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासूर

लेख छान, पण मुळात गरज आहे का हे सिद्ध करा. ईसीयू नवा आहे म्हणता, म्हणजे मॅनिफोल्डच्या दाबाचं रीडिंग आहेच. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून रेडलाइनला (कमाल आरपीएमला) तो दाब मोजणारा मॅप सेन्सर काय दाखवतो? बाहेरच्या हवेइतकाच दाब दिसत असेल तर तुमचा मूळ थ्रॉटल इंजिनला अडवतच नाहीये. जे अडवत नाही ते मोठं करून काय मिळणार?

दुसरं, ६०० सीसीच्या बाइकचे थ्रॉटल १३०० सीसीला कसे पुरणार?

गॅरेजवासी

पहिला प्रश्न अगदी रास्त आणि तो प्रत्येकाने स्वतःला विचारावा. माझ्या गाडीत रेडलाइनला फरक किरकोळ आहे. म्हणजे मूळ कॅमशाफ्ट ठेवून नुसते थ्रॉटल बदलले तर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) फारसं काही दिसणार नाही, खाली थोडा टॉर्क गेलाही असेल. ज्याला घोडे मोजायचेत त्याने आधी एक्झॉस्ट, कॉम्प्रेशन, कॅम करावेत.

मी हे करतोय ते कॅमसाठी. जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम लावला की कमी आरपीएमला जळका वायू इनटेकमध्ये उलटा फिरतो. प्लेनम असेल तर एकाची घाण चौघांच्या वाट्याला येते, मॅपचं रीडिंग नाचतं आणि आयडलिंग म्हणजे मिरगी. थ्रॉटल वेगळे असले की प्रत्येकाची घाण त्याच्याच नळीत राहते आणि तोच कॅम बऱ्यापैकी शहाण्यासारखा आयडल करतो. आणि पायाला मिळणारा प्रतिसाद. तो डायनोच्या कागदावर येत नाही, वळणातून बाहेर पडताना येतो.

दुसऱ्या प्रश्नात सीसी बघू नका, एका सिलिंडरमागे किती ताकद निघते ते बघा. हवा ताकदीच्या हिशेबाने लागते. ती बाइक चार सिलिंडरमधून शंभराच्या वर बीएचपी काढते, म्हणजे एका थ्रॉटलमागे पंचवीसच्या पुढे. माझं इंजिन १०० ला पोचलं तर मी पेढे वाटेन, म्हणजे तेही पंचवीसच. इंजेक्टरचंही तेच गणित.

विलायती पाना

इंग्लंडातून लिहितोय. इथे किट कारवाल्यांत फोर्डच्या झेटेक इंजिनावर बाइकचे थ्रॉटल हा जुना आणि स्वस्त मार्ग आहे. माझ्या गाडीवरही तेच आहेत. काही गोष्टी ज्या कुणी आधी सांगत नाही:

जीएसएक्स-आरच्या थ्रॉटलमध्ये एकामागे एक दोन बटरफ्लाय असतात. खालची केबलने उघडते, वरची कंपनीच्या छोट्या मोटरने. ती वरची काढून टाक. तिचे स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, तसेच पिळलेस तर डोकी जातील. आधी मागचं पसरलेलं टोक बारीक कानशीने घास. शाफ्ट काढल्यावर राहिलेली भोकं बुजव. ती मुख्य बटरफ्लायच्या बाहेरच्या बाजूला आहेत, त्यामुळे आयडलवर परिणाम दिसणार नाही आणि म्हणूनच लोक विसरतात. पण फिल्टर त्याच्याही बाहेर आहे, म्हणजे त्या भोकातून येणारी धूळ थेट पिस्टनवर.

पायाचं दुसरं. चार थ्रॉटलचं मिळून क्षेत्रफळ मूळच्या एकापेक्षा खूप मोठं होतं. ४० मिमीचे चार म्हटले तर पाच हजार चौरस मिमीच्या वर, आणि ५० मिमीचा एक म्हटला तर दोन हजारही नाही. पाय जरासा हलला की इंजिनला लागणारी बरीचशी हवा मिळून जाते, उरलेला निम्मा पेडल शोभेचा. बाइकची केबलची पुली गोल आणि लहान असते. मी तिच्या जागी शंखाच्या आकाराची करून घेतली, सुरुवातीला सावकाश आणि पुढे भरभर उघडणारी. पावसात गाडी चालवताना तिची किंमत कळते.

आणि ट्रम्पेटच्या तोंडापासून समोरची भिंत, बॉनेट असो की फिल्टरचा डबा, निदान एका ट्रम्पेटच्या व्यासाइतकी लांब ठेव.

उद्यमनगर

धागाकर्ते, कोल्हापुरातनं बोलतोय. मॅनिफोल्ड आमच्याकडं लेथवर रोजचं काम, पण आयटीबीचा म्हटल्यावर जरा डोकं लागतंय. ऐक भावा.

हेडचं गॅस्केट घे, जुनं नको, नवं कोरं. त्यावरनं ड्रॉइंग काढून १२ मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटमधनं वॉटरजेटवर फ्लँज काप. नळीसाठी पाईप घेताना लई जण चुकतात. गोल पाईप चेपून ओव्हल केला की घेर तेवढाच राहतोय पण आतलं क्षेत्रफळ कमी होतंय. ४२ मिमीचा पाईप चेपला म्हणजे ४२ ची हवा जाईल असं न्हाई. म्हणून एक साइज मोठा घ्यायचा आणि थ्रॉटलच्या बाजूला खाली उतरवायचा.

चेपायच्या आधी पाईप मऊ करून घे, न्हाईतर कडेला चिरतोय. आमच्याकडची रीत: कपडे धुवायच्या साबणाची वडी कोरडीच पाईपवर घासायची, पांढरा थर बसला पाहिजे. मग गॅसच्या ज्योतीनं सगळीकडनं सारखं तापवायचं. साबण तपकिरी होतोय, मग काळा पडतोय. काळा पडला की ज्योत बाजूला. त्याच्या पुढं गेलास तर ॲल्युमिनियम रंग न बदलता डायरेक्ट खाली बसतंय, सांगून बसत न्हाई. गार झाला की व्हाइसमध्ये लाकडी ठोकळा आत घालून हळूहळू चेप.

वेल्डिंग टिगचं. फ्लँज जाड एमएसच्या पट्टीवर बोल्टनं आवळून, एका नळीचं थोडं, मग तिसऱ्या नळीचं थोडं, असं आलटून पालटून. तरी प्लेट वाकणार म्हणजे वाकणार. म्हणून फेसिंग (तोंड सपाट करायचं काम) वेल्डिंगच्या नंतर, आधी न्हाई. आणि बोल्टवरनं लगेच सोडायचं न्हाई, पूर्ण गार झाल्यावर सोड.

पोर्टला जुळवताना मॅनिफोल्डचं भोक हेडच्या पोर्टपेक्षा केसभर लहान चालतंय. मोठं नको. आत जाणाऱ्या हवेला हेडची कड आडवी आली की खेळ खल्लास. लहान असलं तर उलट परतणाऱ्या वायूलाच ती पायरी अडवतीय.

लांबी सांग. लांबी सांगितल्याशिवाय पाईपला करवत लावणार न्हाई.

बघ्या

साबणाची युक्ती नाद खुळा!

लॅम्बडाताई

पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते, म्हणून दोन विषयांवर लिहिते: लांबी आणि लोड.

लांबीचं आधी. पिस्टन सगळ्यात वेगात असतो साधारण टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेनंतर) क्रँक ७५ अंश फिरला की. तेव्हा व्हॉल्व्हपाशी जोराची ओढ तयार होते. ती लाट नळीतून बाहेर जाते, ट्रम्पेटच्या उघड्या तोंडाशी उलटते आणि दाबाची लाट होऊन परत येते. आपल्याला ती परत हवी असते व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी, म्हणजे ढोबळमानाने २२५ अंशाला. मध्ये मिळाले १५० अंश. ६५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३९ अंश फिरतो, म्हणजे वेळ ३.८५ मिलिसेकंद. कोमट हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३५५ मीटर धरला तर जाऊन-येऊन १३६५ मिमी. एकेरी लांबी ६८० च्या आसपास.

एस्टीमच्या बॉनेटखाली ६८० मिमी कुठे बसवणार? त्यामुळे पहिली लाट सोडून द्यायची आणि व्हॉल्व्ह बंद असताना नळीत येरझाऱ्या घालणाऱ्या पुढच्या लाटांपैकी एखादी, व्हॉल्व्ह पुन्हा उघडताना पकडायची. ती कमजोर असते, पण असते. व्हॉल्व्हपासून ट्रम्पेटच्या तोंडापर्यंत ३००-४०० मिमी असे आकडे जे लोक सांगतात ते यातून आलेत. माझा सल्ला: मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल धरून जेवढं बसतं तेवढं बसवा आणि फरक ट्रम्पेटमध्ये ठेवा. लांब आणि आखूड असे दोन सेट करून ट्रॅकवर बदलून बघा. लांबी वाढली की टॉर्कचा उंचवटा खाली सरकतो, कमी केली की वर. हेडमधल्या पोर्टची लांबीही या हिशेबात धरायची हे विसरू नका, फ्लँजपासून मोजणारे बरेच भेटतात.

आता लोड. नेहमीचा ईसीयू मॅप सेन्सरवरून ठरवतो की इंजिन किती हवा घेतंय. आयटीबीत थ्रॉटल थोडा उघडला की नळीतला दाब बाहेरच्या हवेइतका होऊन बसतो. पाव पेडल आणि पूर्ण पेडल, मॅपला दोन्ही जवळपास सारखेच. म्हणून अल्फा-एन: थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती, यावर पेट्रोल. पण त्यातही वर विलायती पाना म्हणाले तोच त्रास आहे. पहिल्या काही टक्क्यांतच सगळं घडतं. त्यामुळे टेबलचे रकाने समान अंतरावर ठेवू नका. ०, १, २, ३, ५, ८, १२, २०, ४०, १०० असे ठेवा. ० ते १०० दहा-दहाने ठेवलेलं टेबल कुणी आणून दिलं की मी आधी तेच बदलते.

मेगास्क्वर्टला आयटीबी मोड आहे. खालच्या पट्ट्यात मॅप, वरच्या पट्ट्यात थ्रॉटल. तो चांगला चालतो, पण त्याला मॅपचं स्थिर रीडिंग लागतं. चारही नळ्यांतून, बटरफ्लायच्या आतल्या बाजूने, सारख्या लांबीच्या बारीक होजेस काढून एका छोट्या बंद डबीत आणा. डबीतून एक होज सेन्सरला. प्रत्येक होजच्या तोंडाशी कार्ब्युरेटरचा जुना जेट ठोकून बसवला तर रीडिंग आणखी शांत होतं.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम होज या डबीला लावायची की उघडी ठेवायची, ते ट्यूनिंगच्या आधी ठरवा. मध्येच बदललंत तर सगळं टेबल परत.

शंकासूर

ताई, मग घाटात काय? अल्फा-एनला उंची कळत नाही असं ऐकून आहे.

लॅम्बडाताई

बरोबर ऐकलंय. पोलादपूरहून अंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात तर समुद्रसपाटीच्या जवळून साधारण १३५० मीटरवर जाता. हवेचा दाब १०१ किलोपास्कलवरून ८६ च्या आसपास येतो. हवा चौदा-पंधरा टक्के कमी, थ्रॉटल तेवढाच उघडा, ईसीयू पेट्रोल तेवढंच ओततो. खाली १३ ला (एक भाग पेट्रोलला १३ भाग हवा) लावलेलं मिश्रण वर ११.२ होतं. काळा धूर, काळे प्लग, वास.

बरेच ईसीयू चावी फिरवताना एकदाच बाहेरचा दाब वाचून ठेवतात. चावी पोलादपुरात फिरवलीत तर महाबळेश्वरच्या बाजारातही गाडीला वाटतं आपण पोलादपुरातच आहोत. उपाय सोपा आहे: दुसरा दाबाचा सेन्सर, त्याचं तोंड उघड्या हवेत, आणि ईसीयूमध्ये सतत बॅरो करेक्शन (बाहेरच्या दाबाप्रमाणे पेट्रोलची दुरुस्ती) चालू. इनटेकच्या हवेच्या तापमानाचा सेन्सरही प्लेनम गेल्यामुळे बेघर होतो. तो फिल्टरच्या डब्यात बसवा, हेडजवळच्या धातूत नको. तिथे तो हवेऐवजी ॲल्युमिनियमचं तापमान सांगतो.

गॅरेजवासी

ताई, हे सोनं आहे. ट्रेलरवर घाट चढतो म्हणून मी बॅरोचा विचारच बाजूला ठेवला होता, पण पुण्यात ट्यून करून कोइंबतूरच्या ट्रॅकवर गेलो तरी फरक पडणारच. दुसरा सेन्सर यादीत घातला.

ब्रेकचं कुणी बोललं नाही अजून.

विलायती पाना

ब्रेकचं मी सांगतो. बूस्टरला एका नळीतून व्हॅक्यूम दिलास तर तो ठोक्याठोक्याने मिळतो आणि दोनदा लागोपाठ ब्रेक दाबला की तिसऱ्यांदा पेडल लाकूड. चारही नळ्यांतून जाड होजेस काढ, एकत्र आण, पुढे वन-वे व्हॉल्व्ह, मग छोटी टाकी, मग बूस्टर. ताईंनी सांगितलेली सेन्सरची डबी यासाठी वापरू नकोस. ब्रेक दाबला की डबीतला दाब बदलेल आणि ईसीयू पेट्रोल हलवेल, नेमकं वळणाच्या तोंडावर. दोन वेगळी सर्किट. जंगली कॅम असेल तर मुळात व्हॅक्यूमच कमी असतो, तेव्हा गाडी उभी असताना पेडल दाबून, इंजिन बंद करून किती वेळा मदत मिळते ते मोजल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नकोस.

क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी) कॅच कॅनला, म्हणजे तेल गोळा करणाऱ्या डब्याला. तेलाचं धुकं एकाच नळीत सोडलं तर तो एक सिलिंडर कायम वेगळा वागतो आणि तू प्लग बदलत बसतोस.

पीयूसी काका

तरुण मित्रांनो, कौतुक वाटतं. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या त्या काळातला मी माणूस. तेव्हा ज्याच्या गाडीवर वेबरचे जोड कार्ब्युरेटर त्याच्याभोवती गर्दी. तुमचं आयटीबी म्हणजे वेबर डीसीओईच, जेट काढून इंजेक्टर घातलेलं. अनेक विलायती थ्रॉटल अजूनही त्याच वेबरच्या चार बोल्टच्या मापात येतात.

पण धागाकर्त्यांनी 'रस्त्यावर फिरत नाही' हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं ते वाचणाऱ्यांनी नीट वाचावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं १८२ए कलम मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं, किंवा दोन्ही. पीयूसीचं यंत्र आयडलला कार्बन मोनॉक्साइड मोजतं आणि जंगली कॅमची गाडी नेमकी आयडललाच अर्धवट जाळते. विम्याचं तर बोलायलाच नको.

नवा भिडू

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझी रोजची गाडी स्विफ्ट, बीएस ४. आवाजासाठी करावं का? व्हिडिओत फार भारी वाटतो.

लॅम्बडाताई

नको.

गॅरेजवासी

ताईंनी एका शब्दात सांगितलं, मी दोन वाक्यांत सांगतो. तुझ्या गाडीत पेडल आणि थ्रॉटल यांच्यात ओढायची केबल नाही, विजेची तार आहे. थ्रॉटल ईसीयूच्या ताब्यात आहे आणि तो काढला की अर्धी गाडी रुसते. आवाज हवा असेल तर एअर फिल्टरचा डबा बदल, पैसे उरतील, त्यात माझ्यासोबत ट्रॅक डेला ये.

शंकासूर

फिल्टर निघाला म्हणून विचारतो. इंटरनेटवरच्या निम्म्या फोटोंत उघडे ट्रम्पेट दिसतात, जाळीसुद्धा नाही. नाशिकच्या रॅलीची धूळ ज्याने खाल्ली आहे त्याला ते बघूनच खोकला येतो. तुमचं काय ठरलंय?

गॅरेजवासी

उघडं अजिबात नाही. ट्रम्पेटवर ओढायचे फोमचे मोजे मिळतात, ते जाळीपेक्षा बरे. पण ते ट्रम्पेटच्या ओठाला चिकटून बसतात आणि हवा कडेवरून वळून आत येते तिथेच अडथळा. मी मागे ॲल्युमिनियमची पाठ-प्लेट, ट्रम्पेट तिच्यातून आत आलेले, आणि वरून एकच मोठा तेल लावलेला फोम फिल्टर, असं करणार आहे. पुढे त्याला डबा चढवून हेडलाइटच्या मागून थंड हवा आणायची. बॉनेटखालची तापलेली हवा प्यायला देऊन वर ट्रम्पेटच्या लांबीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

उद्यमनगर

लांबी ठरली न्हवं? मग ऐक. फ्लँजचं ड्रॉइंग पाठवलंयस त्यात दोन आणि तीन नंबरच्या नळ्या थ्रॉटलच्या रांगेत येत न्हाईत. तुझ्या थ्रॉटलच्या दोन-दोनच्या जोड्या एकत्र ओतलेल्या हायत. जोडीतलं अंतर हलत न्हाई, फक्त दोन जोड्यांमधलं हलतंय. मधली पट्टी काढून जोड्या लांब कर, आणि राहिलेला फरक नळ्या जराशा तिरक्या घेऊन भरून काढू. बाहेरच्या दोन आणि आतल्या दोन, चारींची लांबी सारखी राहील असं बघतो. थ्रॉटल आणि नळीच्या मधी बाइकचेच रबर वापर, ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम बोल्ट करू नगस. इंजिन थरथरतंय आणि बटरफ्लायचा शाफ्ट घासतोय.

इंजेक्टर बाइकच्या थ्रॉटलमधीच ठेवणार की मॅनिफोल्डवर नवीन बोस (इंजेक्टरची बैठक) करू?

गॅरेजवासी

थ्रॉटलमधेच राहू दे. व्हॉल्व्हच्या जवळ आणला तर आयडल सुधारेल हे मान्य, पण दूरच्या इंजेक्टरला पेट्रोल हवेत मिसळायला वेळ मिळतो, जाता जाता हवाही थोडी गार होते. गाडी ट्रॅकची आहे, सिग्नलला उभी राहायची नाही.

विलायती पाना

मग एका गोष्टीची तयारी ठेव. ठरावीक आरपीएमला ट्रम्पेटच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसेल. घाबरू नकोस, उलट फिरलेली लाट ते बाहेर आणते आणि पुढच्या ओढीत ते आत जातं. पण म्हणूनच फिल्टरच्या फोमला पेट्रोल चालतंय ना हे बघून घे. आणि आग विझवायचा सिलिंडर सीटच्या हाताशी हवा, डिकीत नको.

सिंक करायचं, म्हणजे चारी थ्रॉटलमधून सारखी हवा जाईल असं जुळवायचं, तेवढं सांगतो आणि थांबतो. गोल डायलचा, हवेचा प्रवाह दाखवणारा सिंक्रोमीटर घे. ट्रम्पेटवर दाबून धरायचा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच, कारण लिंकेज (थ्रॉटल एकमेकांना जोडणारे दांडे) गरम झाल्यावर वाढतं. आधी चारही बायपास स्क्रू (थ्रॉटल मिटलेला असताना थोडी हवा सोडणारे) बंद. मग जोडीतल्या दोघांना एकमेकांशी, मग जोडीला जोडीशी. आयडलला जमलं की २५०० ला धरून परत बघ. आयडलला चारी सारखे आणि २५०० ला वेगळे असतील तर लिंकेजमध्ये ढिलाई आहे किंवा एखादी बटरफ्लाय बसवताना तिरकी बसली आहे. ती बायपास स्क्रूने लपवू नकोस. बायपास शेवटी, तेही पाव आट्याने. आयडल व्हॉल्व्हच्या फंदात पडूच नकोस, आपल्या हवेत इग्निशन टायमिंग पुढे-मागे करून आयडल धरता येतं.

लॅम्बडाताई

सिंक झाल्याशिवाय माझ्याकडे ट्यूनिंगला आणू नका. एका वाइडबँडला चार सिलिंडरची सरासरी दिसते. एक लीन (पेट्रोल कमी) आणि एक रिच (पेट्रोल जास्त) असेल तर स्क्रीनवर सगळं आलबेल, आणि पिस्टन मात्र लीनवाल्याचा जातो. सिंकनंतर प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवा.

आणि स्प्रिंग. बाइकच्या थ्रॉटलची परतीची स्प्रिंग बाइकच्या हलक्या केबलसाठी केलेली असते, एस्टीमची लांब केबल आणि पेडल ओढण्यासाठी नाही. शाफ्टवर एक आणि पेडलवर एक अशा दोन वेगळ्या हव्यात, एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल बंद झाला पाहिजे. पेडलखाली स्टॉपही लावा, नाहीतर जोरात पाय मारला की सगळा भार बटरफ्लायच्या शाफ्टवर.

उद्यमनगर

शंखाची पुली मी टर्न करून देतो, स्प्रिंगसाठी भोक त्यातच पाडू. थ्रॉटल, नवं गॅस्केट आणि जुना मॅनिफोल्ड, तिन्ही पाठव. जुना कशाला म्हणशील, तर त्यावरनं बोल्टला पाना लावायला जागा किती सोडायची ते कळतंय. नळ्या सुंदर झाल्या आणि आतल्या नटाला पाना बसंना, असं काम आमच्या गल्लीत कुणी परत घेत न्हाई.

गॅरेजवासी

तिन्ही वस्तू शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने येतील. फ्लँजवर स्टड आणि नटऐवजी ॲलन हेडचे बोल्ट घेतले तर पान्याला कमी जागा पुरेल ना? तसं असेल तर नळ्या थोड्या जवळ घ्यायला हरकत नाही.

उद्यमनगर

ॲलन चालतंय, पण ८ मिमीचाच घे. ६ चा हेडच्या ॲल्युमिनियमात आटे खातोय.